ताटली

कॉलेजची पांढरी चकती हरवली
तेव्हा चतुराबाईंनी मांडणीतली ताटली काढून दिली,
कडेचे टवके गेलेली, मधोमध निळं फूल.
तिला तीन भोकं पाडून, सुतळी ओवून
तराफ्यावरून मी ती सावरखेड्याच्या तळ्यात सोडायचो.
फूल दिसेनासं झालं की सुतळीला गाठ.
पहिल्या वर्षीची गाठ सात हातांवर.

"त्याला ताटली कशाला," त्या म्हणायच्या,
"पाण्यात पाय सोडून बसावं,
मपली बोटं मला मोजता येतात का नाही, बघावं."

औंढ्याच्या पुढं डांबरी सुटते,
मग काळं रान, मग अचानक हे पाणी.
आखाडात कडेच्या लव्हाळ्यात
मरळीची पिलं एका गोळ्यात उकळायची,
तांबडी, मुंग्यांच्या वारुळासारखी,
आणि खाली, जिथं ऊन पोचत नाही,
आईबाप. हलत नसत.
आपण वाकलो की तेवढं पाणी एकदम जड व्हायचं.

मग ठेका वसमतच्या माणसाला गेला.
त्यानं रोहू-कटल्याचं बीज सोडलं, हंड्यांनी,
आणि पोरांना सांगितलं: मरळ बीज खाते, मरळ काढा.
नगाला वीस रुपये.
पोरांनी गळाला जिवंत बेडक्या लावल्या.
मरळ भूक नसतानाही बेडकीवर धावते,
पिलांजवळ काही आलेलं तिला खपत नाही.
महिन्यात तळं मोकळं.
राखणीवाचून उरलेली तांबडी पिलं
खंड्यानं आणि दिवडानं तीन सकाळींत संपवली.

त्या रात्री चतुराबाईंच्या चुलीपुढं
मरळीचं डोकं माझ्या ताटात होतं.
डोकं पाहुण्याला.
मी दोन भाकरी खाल्ल्या. तिसरी अर्धी.

पुढच्या वर्षी अळकूट एवढे झाले
की तराफ्याला कुणी खालून नखं वाजवतंय असं वाटे.
माझ्या बाटलीत मात्र पाणपिसवा येईनात.
आधी दर थेंबात एखादी तरी असायची,
टाचणीच्या टोकाएवढी, काचेची,
भिंगाखाली धरली तर तिच्या पोटात
हिरवा घास सरकताना दिसे.
त्या सगळ्या अळकुटांनी वेचल्या.
हिरव्याला आता कोण खाणार?

अळकुटांमागं पाणकावळे आले.
बुडक्या बाभळीवर बसून पंख वाळवत राहिले,
बाभूळ शिटीनं पांढरी झाली,
शिटी पाण्यात, पाणी आणखी हिरवं.
आणि बेडक्या गळाला गेलेल्या,
म्हणून दगड खरवडणारी बेडूकपिलंही नव्हती.
धुण्याच्या दगडावर शेवाळ चढलं,
नागपंचमीच्या आदल्या दिवशी कौशी घसरली,
मनगट मोडलं.
हिंगोलीच्या डॉक्टरनं विचारलं, कशानं पडलीस?
ती म्हणाली, दगडानं.

माझ्या वहीत मरळीपासून अळकुटापर्यंत बाण आहेत,
अळकुटापासून पिसवांपर्यंत, पिसवांपासून शेवाळापर्यंत.
कौशीच्या मनगटापर्यंतचा बाण
पानाच्या कडेबाहेर जातो.
माझ्या ताटापासूनचा मी काढलाच नाही.

यंदाची गाठ: एक वीत, चार बोटं.

चतुराबाईंनी तराफ्यावर पाय सोडले,
घोट्यापाशी ते हिरव्यात संपले.
बराच वेळ त्यांनी काही मोजलं नाही.
मग म्हणाल्या,
"डोकं चांगलं शिजलं होतं पण त्या दिशी."
टोमणा होता की नाही, मला अजून कळलेलं नाही.

जाताना त्यांनी ताटली परत मागितली.
सुतळी सोडली, राखेनं घासली,
आणि मला जेवायला तीच दिली.
भोकांवर आधी भाकरी, वरून अळकुटाचा रस्सा.
भाकरीनं पुष्कळसा धरला.
बाकीचा ठिबकत होता, तीन ठिकाणी,
आणि खाली त्यांचं बांडं मांजर
कुठला थेंब आधी पडतो ते बघत बसलं होतं.